यांबुकूच्या पाच सिरिंजा

एबोला हे नाव आपण पेपरात पहिल्यांदा ठळकपणे वाचलं ते २०१४ साली, पश्चिम आफ्रिकेत साथ आली तेव्हा. पण हा रोग पहिल्यांदा उघडकीला आला त्याच्या अडतीस वर्षं आधी, १९७६ साली. आफ्रिकेच्या मध्यावर तेव्हा झाईर नावाचा देश होता (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक). त्याच्या उत्तर भागातल्या यांबुकू नावाच्या आडगावात एका कॅथलिक मिशनच्या आवारात हे सगळं घडलं. तिथे पहिला रोगी म्हणून ज्याची नोंद झाली, तो मिशनच्या शाळेतला मास्तर होता. वय ४४, नाव माबालो लोकेला.

मास्तर म्हटल्यावर माझे कान टवकारले जाणं साहजिकच आहे. पुतण्याने पीटर पिओट या बेल्जियन डॉक्टरांचं 'नो टाइम टू लूज' हे आत्मकथन वाचायला दिलं होतं. इंग्रजी पुस्तक मी सावकाश, डिक्शनरी शेजारी ठेवून वाचतो. पण यांबुकूची प्रकरणं दोनदा वाचली, आणि मग त्या साथीबद्दल मिळेल ते वाचत गेलो. विषाणूपेक्षा मला त्या मिशनमधल्या माणसांचंच कुतूहल जास्त वाटलं. घरापासून हजारो मैलांवर, जंगलाच्या मधोमध, साथ चालू असताना ती माणसं रोज सकाळी उठून काय करत होती?

यांबुकूचं मिशन १९३५ सालचं. तेव्हा काँगोवर बेल्जियमचं राज्य होतं. १९६० साली ते राज्य गेलं, अधिकारी बोटीत बसून परत गेले, पण मिशनं राहिली. अँटवर्प शहराजवळच्या एका कॉन्व्हेंटमधल्या नन तिथे काम करत. बेल्जियममधल्या ज्या भागात डच बोलतात त्याला फ्लँडर्स म्हणतात, तिथल्या या बायका. चर्च, शाळा, पाहुण्यांसाठी एक घर आणि दवाखाना असा सगळा पसारा. जवळचं मोठं ठिकाण म्हणजे काँगो नदीवरचं बुंबा हे बंदर, शंभरएक किलोमीटरवर. रस्ता कच्चा. बाहेरच्या जगाशी बोलायचं तर रेडिओ, ज्यावरून एक मिशन दुसऱ्या मिशनशी बोलत असे.

दवाखाना मात्र लहान नव्हता. खाटा १२०. काम करणारी माणसं १७, त्यांत तीन बेल्जियन सिस्टर. डॉक्टर एकही नाही. आसपासच्या साधारण साठ हजार लोकांना हाच आधार. बाह्यरुग्ण विभागात महिन्याला सहा ते बारा हजार माणसं येत. ती दूरदूरच्या गावांतून चालत येत, कारण इथे औषधं असतात अशी या दवाखान्याची ख्याती होती. सरकारी दवाखान्यांत औषधांचा खडखडाट असायचा आणि सिस्टरांच्या कपाटात बाटल्या असायच्या. हे लक्षात ठेवायला हवं. लोक तिथे फसून जात नव्हते, विश्वासाने जात होते.

आणि आता त्या पाच सिरिंजा.

रोज सकाळी नर्सिंगच्या माणसांना पाच सिरिंजा आणि सुया दिल्या जात. बाह्यरुग्ण विभाग, गरोदर बायकांची तपासणी आणि वॉर्ड, या सगळ्यांसाठी मिळून पाच. एकाला टोचलं की सुई कोमट पाण्याच्या भांड्यात विसळायची आणि पुढच्याला टोचायची. दिवस संपला की कधीकधी त्या उकळत. बहुतेक औषध तिथे सुईनेच दिलं जाई, गोळी क्वचित. नंतर आलेल्या आंतरराष्ट्रीय पथकाने हे सगळं आपल्या अहवालात कोरड्या भाषेत लिहून ठेवलं आहे.

मी गणिताचा मास्तर नव्हे, पण जुनी सवय म्हणून हिशेब मांडून पाहिला. महिन्याला मधला आकडा नऊ हजार धरला तर दिवसाला तीनशे माणसं. त्यांतल्या निम्म्यांनाच सुई दिली असं धरलं तरी दीडशे. भागिले पाच. म्हणजे एकेक सुई दिवसात तीस दंडांत जात असणार, आणि वॉर्डातले रोगी यात धरलेलेच नाहीत.

आमच्या पिढीला हे दृश्य अगदी अनोळखी नाही. लहानपणी शाळेत लस टोचायला माणूस यायचा. आम्ही बाह्या वर करून रांगेत उभे, टेबलावर स्पिरिटचा दिवा, आणि प्रत्येकानंतर सुई त्या ज्योतीवर धरायची. डॉक्टरांकडे काचेची सिरिंज स्टीलच्या डब्यात, आणि तो डबा स्टोव्हवर खदखदत. आणि "डॉक्टर, गोळ्या नकोत, एक सुई द्याच" असं म्हणणारी माणसं प्रत्येक घरात होती, आमच्याही होती. सुई म्हणजे खरं औषध, ही समजूत काही फक्त आफ्रिकेतली नव्हे. यांबुकूच्या लोकांनाही सुईच हवी असे आणि सिस्टर ती देत. फरक होता तो त्या ज्योतीचा आणि त्या खदखदणाऱ्या डब्याचा.

माबालो मास्तर ऑगस्टमध्ये मिशनच्याच गाडीतून सहकाऱ्यांबरोबर उत्तरेकडे फिरायला गेला होता. १० तारखेला निघाले, २२ ला परतले. वाटेत बाजारातून हरणाचं आणि माकडाचं मांस घेतलं. त्यातलं हरणाचं त्याच्या घरी शिजलं. २६ ऑगस्टला त्याला ताप भरला. तिकडे ताप म्हणजे मलेरिया, जसा आपल्याकडे पावसाळ्यात. दवाखान्यात क्लोरोक्विनचं इंजेक्शन दिलं. ताप उतरला. आठवड्याभरात पुन्हा चढला, मग उलट्या, जुलाब, रक्तस्राव. ८ सप्टेंबरला तो वारला. रिवाजाप्रमाणे घरातल्या बायकांनी प्रेत धुतलं, आतबाहेर स्वच्छ केलं. थोड्याच दिवसांत त्या आजारी पडू लागल्या.

त्या दवाखान्याच्या वहीत आणखी एक नोंद आहे. २८ ऑगस्टला तीस वर्षांचा एक माणूस जुलाब आणि नाकातून रक्त अशा तक्रारींनी दाखल झाला होता. दोन दिवसांनी तो निघून गेला. यांदोंगी गावचा म्हणून नोंदलेला. पुढे पथकाने शोध घेतला, पण असा कोणी माणूस सापडला नाही. तेव्हा रोग मास्तराने आणला की मास्तराला सुईतून मिळाला, हे कायमचं अधांतरीच राहिलं. मला या मास्तराबद्दल वाईट वाटतं. जगभरच्या पुस्तकांत तो 'पहिला रोगी' म्हणून अडकून बसला आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सिस्टरांचा दिवस कसा गेला असेल? बाहेरून पाहिलं तर नेहमीसारखाच. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, मग दवाखान्याची दारं उघडायची, रांग लावायची, सुया वाटायच्या. फक्त वॉर्डात रोज कोणीतरी मरत होतं आणि नेहमीचं कुठलंच औषध लागू पडत नव्हतं. मलेरिया म्हणून क्लोरोक्विन, टायफॉईड म्हणून अँटिबायोटिक, शक्तीसाठी व्हिटॅमिन. रोगी जितका बिघडे तितकी सिस्टर जास्त धडपडत, आणि धडपड म्हणजे आणखी एक सुई. इथे वाचताना मला पुस्तक खाली ठेवावं लागलं. दुष्टपणाने झालेलं नुकसान वाचणं सोपं असतं, राग येतो आणि मोकळं होता येतं.

मग माणसंच दवाखान्यातून पळू लागली. गावागावांत गेली आणि आपल्याबरोबर रोग घेऊन गेली.

सिस्टर बेआता या सुइणीचं काम पाहात. किती बाळंतपणं त्यांनी त्या गावांत केली असतील! सप्टेंबरच्या मध्यावर त्यांना ताप आला आणि १९ तारखेला त्या गेल्या. त्याच सुमारास बुंबाचे वैद्यकीय अधिकारी डॉ. न्गॉय मुशोला यांबुकूला येऊन रोगी पाहून गेले होते. या रोगाचं पहिलं लेखी वर्णन त्यांचं आहे: तीव्र ताप, रक्ताच्या उलट्या, रक्ती जुलाब, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. पाश्चात्त्य पुस्तकांत पिओट, सीडीसी, अँटवर्प यांची नावं मोठी येतात आणि डॉ. न्गॉय एका वाक्यात उरकले जातात, म्हणून मुद्दाम लिहितो.

त्यांच्या पाठोपाठ किन्शासाहून, म्हणजे राजधानीहून, डॉ. जाँ-जाक मुयेंबे आले. तिशीतला सूक्ष्मजीवशास्त्राचा प्राध्यापक. त्यांनी उघड्या हातांनी रोग्यांचं रक्त काढलं. सुई काढल्यावर रक्त थांबेना, त्यांची बोटं, हात रक्ताने भरले. साबण आणि पाणी एवढंच जवळ होतं, त्याने हात धुतले. त्या धुण्यामुळेच आपण वाचलो असं ते पुढे अनेकदा सांगत आले आहेत. सिस्टर मिरियाम तापाने फणफणल्या होत्या. मुयेंबे यांनी त्यांना आपल्याबरोबर किन्शासाला न्यायचं ठरवलं. सोबतीला आणि शुश्रूषेला सिस्टर एदमोंदा निघाल्या.

३० सप्टेंबरला न्गालिएमा रुग्णालयात सिस्टर मिरियाम वारल्या. ऑक्टोबरमध्ये त्यांची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टर एदमोंदा गेल्या. आणि या दोघींची सेवा करणारी मायिंगा ही तिथली तरुण काँगोली नर्सही गेली. मायिंगा परदेशी शिकायला जायच्या तयारीत होती, ताप असताना त्याच कागदपत्रांसाठी शहरभर हिंडली होती, आणि त्यामुळे राजधानीत घबराट उडाली. शहराच्या नशिबाने तिच्याकडून रोग पुढे गेला नाही. आजही प्रयोगशाळांत या विषाणूचा जो नमुना प्रमाण मानतात त्याला तिचंच नाव आहे.

सिस्टर मिरियामचं रक्त एका निळ्या थर्मासमध्ये बर्फात ठेवून प्रवासी विमानाने अँटवर्पला गेलं. आपण सहलीला चहा नेतो तसा थर्मास. आतल्या दोन बाटल्यांपैकी एक फुटलेली, बर्फ वितळून त्यात रक्त मिसळलेलं. तिथे २७ वर्षांच्या पिओट यांनी आणि सहकाऱ्यांनी हातमोजे घालून तो उघडला, बाकी काही संरक्षण नाही. काय हाताळतो आहोत याची कोणालाच कल्पना नव्हती. 'देव तारी त्याला' म्हणतात ते हेच.

इकडे ३० सप्टेंबरलाच यांबुकूचा दवाखाना बंद झाला. कोणा तज्ज्ञाने धोरण म्हणून केलेला नव्हे. काम करायला माणसंच उरली नाहीत. त्या १७ जणांपैकी १३ आजारी पडले, ११ मेले.

पिओट पुढे सांगत आले त्याचा अर्थ असा की साथ मोडली ती मुख्यतः या दोन गोष्टींनी: दवाखान्याला कुलूप लागलं, आणि गावांनी स्वतःला बंद करून घेतलं. गावच्या म्हाताऱ्या माणसांना देवीच्या साथी आठवत होत्या. त्यांनी वाटांवर अडथळे टाकले, परक्याला आत घेतलं नाही, आजाऱ्याला वेगळं ठेवलं. आपल्याकडे १८९७ च्या प्लेगच्या वेळी गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, त्याच्या गोष्टी मी आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत, तिने त्या तिच्या सासूकडून ऐकलेल्या. आणि २०२० साली आपल्या गावोगावी वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि बांबू आडवे टाकलेले आपण सर्वांनीच पाहिले. पुस्तक न वाचता माणसं काही गोष्टी जाणतात.

मिशनमध्ये उरलेल्या सिस्टरांनी मात्र पुस्तक वाचलं होतं. साथ आली तर 'कॉर्डाँ सानितेर' घालावा, असं त्यांना वाचून किंवा ऐकून माहीत होतं. या फ्रेंच शब्दांचा अर्थ रोगाभोवतीची नाकेबंदी असा. पण 'कॉर्डाँ' म्हणजे शब्दशः दोरी. तेव्हा त्यांनी खरोखरच दोरी बांधली. पाहुण्यांच्या घरात राहायला गेल्या, त्याभोवती दोरीचं कुंपण घातलं आणि वर पाटी लावली, लिंगाला भाषेत. इथे थांबा, जो ओलांडेल तो मरेल, अशा अर्थाची. ज्याला काही सांगायचं असेल त्याने घंटा वाजवायची, निरोप ठेवायचा आणि जायचं.

ते दिवस कसे असतील याचा मी खूप विचार केला. ऑक्टोबरचे पहिले तीन आठवडे. शाळा ओस पडलेली. दवाखाना बंद. बुंबाचा सगळा इलाखा सरकारने बंद केलेला, नदीवर बोटी थांबत नव्हत्या. चार सहकारी आधीच गेलेले. रोज उठायचं, प्रार्थना करायची, जपमाळ ओढायची, रेडिओ लावायचा, आणि कपाळाला हात लावून पाहायचं. आज कोणाला ताप आहे का? घरी काय कळवायचं? रेडिओवरचं बोलणं इतर मिशनांनाही ऐकू जात असणार, त्यामुळे रडायचीही सोय नाही. आपण २०२० साली दारं लावून बसलो तेव्हा आपल्याकडे निदान फोन होता, भाजीवाला होता, आणि आपल्याला काय होणार याची थोडीतरी माहिती होती.

पण एक काम त्या करत होत्या, आणि मास्तर म्हणून मला ते विशेष वाटलं. सिस्टर मार्सेला यांनी वहीत नोंदी ठेवल्या होत्या. कोण गेलं, कुठल्या गावचं, कधी. मरण दारात उभं असताना वही चालू ठेवायची. पुढे पथकाला साथीचा माग काढायला सुरुवात करून दिली ती अशा नोंदींनी.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पथक आलं. किन्शासाहून बुंबापर्यंत त्यांना घेऊन आलेले लष्करी वैमानिक विमानाचं इंजिनसुद्धा बंद करायला तयार नव्हते. सामान उतरवलं आणि उडाले. यांबुकूला पोहोचल्यावर पिओट यांना दोरीपलीकडे तीन सिस्टर उभ्या दिसल्या. पुढे येऊ नका, नाहीतर आमच्यासारखेच मराल, असं त्या ओरडून सांगत होत्या, फ्रेंचमध्ये. पण उच्चारांवरून पिओट यांनी ओळखलं की या आपल्याकडच्या. त्यांनी दोरीवरून उडी मारली आणि त्यांच्या भाषेत, फ्लेमिशमध्ये सांगितलं, मी अँटवर्पहून आलोय, तुम्हाला मदत करायला. त्या बायका त्यांचा हात धरून रडू लागल्या.

भाषेचं हे असं असतं. परदेशी राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे मी सांगायला नको.

आता यापुढचा भाग, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. पथकाने गावोगाव फिरून नकाशे आणि तक्ते केले. कोण आजारी पडलं, कधी, कोणाच्या संपर्कात आलं. तक्त्यांत एक विचित्र गोष्ट दिसली. तरुण बायका फार. का? तर त्यांतल्या कितीतरी गरोदर होत्या आणि मिशनच्या दवाखान्यात तपासणीला जात होत्या. तिथे त्यांना शक्तीचं इंजेक्शन मिळायचं. ज्याची त्यांना फारशी गरजच नव्हती ते इंजेक्शन. एकूण ३१८ जण आजारी पडले, त्यांतले २८० मेले. ज्यांना रोग कसा लागला याचा माग निघाला अशा २८८ जणांपैकी ८५ जणांना तो दवाखान्याच्या सुईतून लागला होता. ज्यांचा संबंध फक्त सुईशी आला त्यांतलं एकही माणूस वाचलं नाही.

म्हणजे ज्या बायका जवळच्या जंगलातल्या वाटा तुडवत, पोटातल्या मुलासाठी चांगलं म्हणून सिस्टरांकडे आल्या, त्यांना सिस्टरांनी प्रेमाने मरण टोचलं. आणि ज्या घरी राहिल्या, हलगर्जी केली, तपासणीला गेल्या नाहीत, त्या वाचल्या. मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की वेळेवर डॉक्टरांकडे जावं. ते चूक नव्हतं, आजही नाही. पण हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, ते पचायला जड जातं.

सिस्टरांना हे कोणी आणि कसं सांगायचं? पथकाने त्यांना सुयांबद्दल सांगितलं, पण हळुवारपणे, आडवळणाने. आपण तेव्हा शब्द फारच जपून वापरले, असं पिओट पुढे एका मुलाखतीत म्हणाले. मला दोन्ही बाजू समजतात. ज्या बायकांनी चार जणांना गमावलंय, जपमाळ हातात घेऊन स्वतःच्या मरणाची वाट पाहिली आहे, त्यांच्यासमोर बसून 'हे तुमच्या हातून झालं' म्हणायची हिंमत माझ्यात नसती. पण तसं न सांगितल्याने इतर मिशनांच्या दवाखान्यांत तेच कोमट पाण्याचं भांडं आणखी किती वर्षं चाललं असेल?

काही जण सिस्टरांवर सरळ ठपका ठेवतील. गोऱ्यांची दया, गोऱ्यांचा अडाणीपणा. त्यात थोडं तथ्य आहे, कारण अहवालात आणखी एक ओळ आहे जी मला सगळ्यांत जास्त बोचली. याच दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये वेगळ्या सिरिंजा होत्या, भरपूर, आणि त्या वापरानंतर वाफेच्या दाबाखाली व्यवस्थित निर्जंतुक केल्या जात. म्हणजे उपकरण होतं, ज्ञान होतं, सुयाही होत्या. काही पावलांवर. ऑपरेशन हे गंभीर काम, तिथे काळजी. रोजची रांग हे रोजचं काम, तिथे विसळलं की झालं. हा गरिबीचा प्रश्न नव्हता, सवयीचा होता. आणि सवय लावायला किंवा मोडायला तिथे कोणी डॉक्टर नव्हता, वरून तपासायला येणारं कोणी नव्हतं, आणि सिस्टर इतक्या कामात होत्या की मान वर करून पाहायला फुरसत नव्हती. शाळा असो की दवाखाना, सेवाभावी संस्थेत एक धोका असतो. इतकी चांगली माणसं इतकं राबताहेत, त्यांना चुका कोण दाखवणार? मी अशा संस्था आतून पाहिल्या आहेत. तिथे प्रश्न विचारणारा माणूस कृतघ्न ठरतो.

पण दुसरं एक मला तितकंच ठामपणे वाटतं. त्या पळून गेल्या नाहीत. बेआता आजारी पडल्या तेव्हा बाकीच्यांना अंदाज आलेला होता. १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या, त्यांनाही आपण काय करतो आहोत हे कळत होतं. अशा माणसांचं मोजमाप त्यांच्या सिरिंजांवरून करायचं की त्यांच्या मरणावरून, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन दोन्ही एकाच पानावर लिहा. एक खोडून दुसरं लिहू नका.

रोगाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा 'यांबुकू' हे नाव पथकाने टाळलं. गावाला कायमचा कलंक नको म्हणून. रात्री उशिरा नकाशा पाहून जवळच्या एका नदीचं नाव निवडलं, एबोला. नकाशा लहान होता, नदी तशी जवळचीही नव्हती. पण गाव वाचलं.

सगळे शहाणे झाले असं मात्र नाही. १९९५ साली याच देशात किक्वितला एबोलाची साथ आली. पुन्हा रुग्णालयातूनच पसरली आणि इटलीच्या बेर्गामोच्या सहा नन मेल्या. एकीची शुश्रूषा करताना दुसरी, असंच. त्या साथीतही मुयेंबे होते. किक्वितमधून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातून पुढे एक प्रतिपिंड वेगळं काढलं गेलं, त्यावर मुयेंबे यांनी अमेरिकन शास्त्रज्ञांबरोबर काम केलं आणि डिसेंबर २०२० मध्ये त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. १९७६ साली साबणाने हात धुऊन वाचलेला हा माणूस.

पिओट २०१४ च्या सुरुवातीला, पश्चिम आफ्रिकेतली साथ जगाला कळायच्या थोडं आधी, पुन्हा यांबुकूला जाऊन आले. दवाखाना चालू होता. १९७६ साली रोग होऊन वाचलेल्या मोजक्या माणसांपैकी एक परिचारक त्यांना तिथे भेटला. तो आता दवाखान्याची छोटीशी प्रयोगशाळा सांभाळत होता आणि लोकांचं रक्त तपासत होता.